"कुठला देश म्हणालीस?" आमच्या दोघांच्या परदेश फिरण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्हिएतनाम, उझबेकिस्तान, जॉर्जिया. तीन देश झाले आमचे, तिन्ही दोघांनीच केले, टूरवाल्याशिवाय. आम्ही राहतो कोल्हापुरात, ह्यांचं इलेक्ट्रिकलचं दुकान आणि मी शाळेत, म्हणजे फार मोठी पैसेवाली माणसं नव्हे. पण प्रत्येक लग्नात, हळदीकुंकवाला, अगदी भाजी घेताना पण तेच तेच प्रश्न येतात आणि मी तीच तीच उत्तरं देऊन दमले, म्हणून एकदाच सगळं लिहून काढलं.

दुबई, सिंगापूर, युरोप सोडून हे असले देश का?

खरं सांगायचं तर सुरुवात पैशामुळं झाली. युरोपच्या पॅकेजचा आकडा ऐकून हे म्हणाले "एवढ्यात दुकानाचा माळा होतोय". मग बघत बसलो की ऑनलाईन व्हिसा कुठं मिळतो, विमान फार लांबचं नाही, आणि जिथनं आपले शेजारी अजून फोटो काढून आले नाहीत असं काय आहे. हे शेवटचं माझं कारण, लपवत नाही. कुणीच जाऊन आलेलं नसलं की "अमुक नाही बघितलं? मग काय बघितलं!" असं ऐकवणारं पण कोणी नसतं, हा मोठा फायदा.

कोल्हापुरातून जायचं कसं?

आमच्या उजळाईवाडीच्या विमानतळावरून परदेशाचं विमान नाही, त्यामुळं मुंबई गाठायचीच. आम्ही रात्रीच्या महालक्ष्मी एक्सप्रेसनं जातो, विमानाच्या आदल्या दिवशी पोचतो आणि नणंदेकडं मुक्काम करतो. त्याच दिवशी पोचून विमान पकडायच्या भानगडीत पडू नका. आणि जुलैअखेर-ऑगस्टचं तिकीट काढताना दहादा विचार करा, 2019 ला आणि 2021 ला पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलं आणि पुण्याकडची वाहतूकच बंद झाली होती हे आपल्याला काय वेगळं सांगायला नको.

मुंबईवरून थेट विमानं आहेत नाहीत ते दर सीझनला बदलतं. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्ताननं हवाई हद्द बंद केल्यावर तर ताश्कंदची काही थेट विमानं बंदच झाली. म्हणून "गेल्या वर्षी होतं" यावर जाऊ नका, ताजं बघा.

पासपोर्ट आणि व्हिसाला एजंट लागतो का?

पासपोर्टला नाही लागत, कोल्हापुरात पोस्टातच केंद्र आहे, ऑनलाईन अपॉइंटमेंट घ्या आणि कागद घेऊन जा. मुदत सहा महिन्यांपेक्षा जास्त उरलेली पाहिजे एवढं बघा.

व्हिसाचं मात्र मी शिकले ते पैसे घालवून. व्हिएतनामच्या वेळी एका एजंटकडं दिलं, त्यानं माझं नाव आणि आडनाव टाकलं, मधलं ह्यांचं नाव गाळलं. आपल्याकडं पासपोर्टवर नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव अशी गाडी असते ना, ती जशीच्या तशी पाहिजे, तिकिटावर पण आणि व्हिसावर पण. दुरुस्ती बिरुस्ती काही नाही, परत अर्ज, परत पंचवीस डॉलर, आणि एजंट म्हणतो "मॅडम तुम्हीच तसं लिहून दिलं होतं". तेव्हापासून मी स्वतः भरते. तिन्ही देशांचा ई-व्हिसा आहे, सरकारी साईटच्या पत्त्यात जी-ओ-व्ही ही अक्षरं असतात, ती नसतील तर ती सरकारी दिसणारी पण कमिशनवाली साईट समजायची. उझबेकिस्तानचा वीस डॉलरला तीस दिवसांचा मिळाला. जॉर्जियाला जानेवारी 2026 पासून प्रवास विमा सक्तीचा केलाय, तसाही तो सगळीकडंच काढावा.

विमानतळावर भारतीयांना अडवतात म्हणे?

अडवतात. कुठल्या देशात ते लिहीत नाही, पण आम्हाला एका ठिकाणी बाजूला काढून चाळीस मिनिटं उभं केलं. का आलाय, किती दिवस, परतीचं तिकीट दाखवा, पैसे दाखवा, हॉटेल दाखवा. आमच्या मागं पंजाबची दोन पोरं होती, त्यांची तर कापरीच चालली होती. ह्यांनी काय केलं, त्यांची ती जुनी रेक्झिनची चॉकलेटी फाईल काढली ज्यावर मी कायम हसते, त्यात सगळ्याच्या प्रिंटा, दिवसवार लावलेल्या, आणि वर दुकानाच्या लायसनची झेरॉक्स सुद्धा. ऑफिसरनं चार पानं उलटली, लायसनच्या मराठी कागदाकडं बघितलं, ह्यांच्याकडं बघितलं आणि शिक्का मारला. मोबाईलमध्ये असलं तरी प्रिंट न्या. मी आता फाईलवर हसत नाही.

खायचं काय? आम्ही पक्के व्हेज.

यावर मला सगळ्यात जास्त फोन येतात, म्हणून जरा सविस्तर. आमच्यात मी व्हेज, हे तांबडा-पांढऱ्यावाले, त्यामुळं दोन्ही बाजू माहीत आहेत.

व्हिएतनाममध्ये शाकाहारीला शब्द आहे 'चाय'. हो, आपला चहा वाटतो. 'आन चाय' म्हणजे शाकाहारी जेवण. पहिल्या दिवशी मी एका हॉटेलात "चाय, चाय" म्हणाले आणि समोर टोफूची भाजी आली, ह्यांना वाटलं बाईला चहा कळला नाही, मला वाटलं चला काम झालं. बोर्डावर 'चाय' लिहिलेलं हॉटेल दिसलं की डोळे झाकून शिरा. आणि गंमत म्हणजे तिथं चंद्राच्या महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी पुष्कळ बौद्ध लोक शाकाहारी खातात, म्हणजे आपली संकष्टी-एकादशीच की. त्या दिवशी रस्त्यावर पण मिळतं. एकच सांभाळायचं, माशाचा सॉस. तो ते कशातही घालतात, अगदी साध्या पालेभाजीत.

जॉर्जिया तर व्हेजवाल्यांना सोपा देश. लोबियो म्हणजे मातीच्या भांड्यात राजमा, अगदी घट्ट उसळीसारखा, आणि लोबियानी म्हणजे तोच राजमा भरलेली भाकरीएवढी पोळी. खाचापुरी म्हणजे चीज भरलेली. खिंकाली नावाचे मोदकासारखे असतात, कळ्या पण पाडलेल्या, मूळचे मटणाचे, पण मशरूमचे, बटाट्याचे मिळतात (शेंडी धरून खायची आणि शेंडी ताटात ठेवायची, ती खाल्ली तर बघणारे हसतात, ह्यांनी खाल्ली). आणि 'समार्ख्वो' शब्द पाठ करा, म्हणजे उपवासाचं. त्यांच्या चर्चचे उपवास असतात, बुधवार-शुक्रवार पण, त्यात मांस, दूध, अंडं काही नसतं. मेन्यूत वेगळं पान असतं. साबुदाणा मिळेल या आशेवर मात्र जाऊ नका.

उझबेकिस्तान अवघड. प्लोव्ह म्हणजे पुलाव, त्यात मटण नाहीतर बीफ, कधी घोड्याचं सुद्धा. 'गोश्तसिझ' म्हणजे गोश्त नसलेलं, पण त्यांना वाटतं वरचे तुकडे काढले की झालं. सूप तर मटणाच्याच पाण्यातलं. मी नऊ दिवस नान, टोमॅटो-कांद्याचं सॅलड, दही, भोपळ्याचे सामसे, टरबूज आणि बिनदुधाचा हिरवा चहा यावर काढले, आणि तक्रार नाही, कारण ते नान. तंदूरमधनं निघालेलं, मधोमध शिक्का मारलेलं, बाहेरून कडक. ते पालथं ठेवायचं नाही, अपमान समजतात. मी चुकून ठेवलं तर टेबलावरच्या आजीनं न बोलता हळूच सरळ केलं.

सब्जीचा किस्सा सांगते. समरकंदच्या सियोब बाजारात मी एका बाईला विचारलं, सब्जी आहे का. तिनं आनंदानं मान हलवली आणि दोन किलो पिवळी गाजरं मापून पिशवीत टाकली. उझबेक भाषेत सब्जी म्हणजे फक्त गाजर. कांद्याला पियोझ, ते बरोबर लागलं. गाजरं आम्ही पुढचे दोन दिवस ट्रेनमध्ये खात होतो.

मग घरनं काय न्यायचं? कांदा-लसूण चटणी नेली तर चालते का?

हे नीट वाचा. आपल्या चटणीत पुष्कळ घरी खसखस असते. दुबई-शारजावरून विमान बदलणार असाल तर खसखस तिथं बंदी असलेली वस्तू आहे, साधी मसाल्यातली म्हणून सोडत नाहीत, सिंगापूरला पण तेच. मी आता प्रवासाची चटणी वेगळी कुटते, बिनखसखशीची. मिरचीपूड हॅन्डबॅगेत चालत नाही, सुकं खोबरं बॅगेतनं काढून ठेवायला लावतात. भडंग बिनधास्त न्या, फक्त प्लास्टिकच्या डब्यात, नाहीतर विमानातनं उतरेपर्यंत त्याचा भुगा होतो.

औषधांचं पण सांगते. खोकल्याच्या काही औषधांत कोडीन असतं, ते आखातात आणि जॉर्जियात नडतं. बीपी-शुगरच्या गोळ्या मूळ पाकिटात, डॉक्टरची चिठ्ठी इंग्रजीत, बास.

भाषा येत नाही, मग बोलता कसं?

ट्रान्सलेटचं ॲप आहे, पण ते दोन मिनिटांनी कंटाळवाणं होतं. खरं काम होतं ते चार शब्दांनी. उझबेकिस्तानात दुनिया, किताब, दुकान, मेहमान, हवा हे सगळे शब्द जरा वाकडे होऊन भेटतात आणि राज कपूरचं नाव घेतलं की वयस्कर माणसं छातीवर हात ठेवतात.

खिवाला जाताना टॅक्सीवाला होता, पन्नाशीचा, गप्प. ह्यांचे वडील तालमीतले, ह्यांनी लहानपण खासबागेत कुस्त्या बघण्यात घालवलेलं, त्यामुळं ह्यांचं लक्ष पहिलं गेलं ते त्याच्या कानांवर. मोडलेले, फुगलेले कान. ह्यांनी मागनं नुसतं म्हटलं, "पैलवान?" त्यानं गाडी बाजूला घेतली. खरंच घेतली. मागं वळला, छातीला हात लावून म्हणाला "पोल्वोन! पोल्वोन!" तोच शब्द हो. मग काय, पुढचा दीड तास ह्यांचं मराठी आणि त्याचं उझबेक, एकानं हातानं कुस्तीतली ढाक दाखवायची, दुसऱ्यानं पट्ट्याला धरून फेकायचं दाखवायचं, स्टिअरिंग सोडून, मी देवाचं नाव घेत बसलेली. त्यांच्या कुस्तीला कुराश म्हणतात, जाकीट घालून कमरपट्टा धरतात. पैसे घेताना त्यानं निम्मेच घेतले, आणि खिवात तो आम्हाला थेट पाहलवान महमूदच्या कबरीवर घेऊन गेला. हा महमूद तेराव्या-चौदाव्या शतकातला, 1326 ला गेला, कातड्याचे कपडे शिवायचा, कुस्ती करायचा आणि कविता लिहायचा, आणि आज त्या गावाचा संत आहे. निळ्या फरशांची जागा, एकदम गार. हे बाहेर येऊन म्हणाले, "अगं, हितं पैलवानाची समाधी हाय, आणि आपल्याकडं पैलवानाला पोरगी द्यायला बघत न्हाईत."

जॉर्जियात शब्दांची दुसरी गंमत. तिथं मामा म्हणजे बाप. आई म्हणजे देदा. घरमालकिणीच्या नातवानं आजोबांच्या वयाच्या माणसाकडं बोट दाखवून "मामा" म्हटलं, आम्ही समजलो आईचा भाऊ, तासाभरानं कळलं हा त्याचा सख्खा बाप.

कोल्हापूर म्हणजे काय ते कळतं का कुणाला?

नाही. मुंबई कळते. पण जॉर्जियात कझबेगीला आमच्या घरमालकिणीला मी सांगितलं की आमच्या गावापासनं गोवा जवळ, तर तिचे डोळे एकदम मोठे झाले, "गोआ! केतेवान!" म्हणाली. तेव्हा मला काही कळलं नाही, रात्री वाचलं. केतेवान ही त्यांची राणी, इराणच्या शहानं 1624 मध्ये धर्म सोडत नाही म्हणून मारली, तिचे अवशेष पाद्र्यांनी जुन्या गोव्याला आणले आणि तिथल्या पडक्या चर्चमध्ये 2005 ला ते सापडले. डीएनए तपासणी होऊन 2021 मध्ये भारतानं त्यातला एक भाग जॉर्जियाला दिला. आपण आयुष्यभर गोव्याला गेलो, मासे खाऊन आलो आणि हे माहीत नव्हतं.

फुटबॉल पण चालतो. पेठेतल्या माणसाला काय सांगायचं. 2024 च्या युरोमध्ये जॉर्जियानं पोर्तुगालला हरवलं होतं, तिथल्या कुठल्याही पोराला नुसतं "पोर्तुगाल, दोन-शून्य" म्हणायचं, चहाचे पैसे तो देतो.

पैसे कसे न्यायचे?

थोडे डॉलर रोख आणि फॉरेक्स कार्ड. साध्या क्रेडिट कार्डावर बँका साडेतीन टक्क्यांपर्यंत जादा लावतात. डॉलरच्या नोटा कोऱ्या घ्या, घडी पडलेली, पेनानं लिहिलेली नोट घेत नाहीत.

शून्यांचा घोळ होतो. शंभर डॉलर मोडले की उझबेकिस्तानात बारा लाखाच्या आसपास सोम हातात येतात, हे तर दोन दिवस शेठजीसारखे चालत होते. व्हिएतनाममध्ये वीस हजाराची नोट पण निळी आणि पाच लाखाची पण निळी. हनोईत फुटपाथवर छोट्या प्लास्टिक स्टुलावर बसून कॉफी घेतली, ह्यांनी नोट दिली आणि आम्ही निघालो. कोपऱ्यापर्यंत पोचलो तर मागनं ती कॉफीवाली बाई पळत, एका पायात चप्पल, हातात नोट. पाच लाखाची, म्हणजे साधारण सतराशे रुपयांची. तिनं ह्यांच्या हातात ती परत दिली, वीस हजाराची स्वतः पाकिटातनं काढून घेतली आणि माझ्याकडं बघून ह्यांच्या डोक्याकडं बोट दाखवलं. भाषा लागली नाही.

खर्च किती येतो?

उझबेकिस्तान नऊ दिवस, दोघांचं मिळून विमानासकट दोन लाखाच्या आत बसलं. जॉर्जिया थोडं वर. तुमचं हॉटेल तारांकित असेल तर हा हिशोब विसरा.

तिथं फिरता कसं?

शहरात ॲपची गाडी, यांडेक्स, बोल्ट नाहीतर ग्रॅब, भाव आधीच दिसतो म्हणजे घासाघीस नाही. ताश्कंद-समरकंदला अफ्रोसियोब नावाची फास्ट ट्रेन आहे, दोन तासांच्या थोडं वर लागतं, तिकिटं लवकर संपतात. ताश्कंदची मेट्रो नुसती बघायला म्हणून जा, एकेक स्टेशन म्हणजे राजवाडा, 2018 पर्यंत तिथं फोटो काढायला बंदी होती.

आणि जॉर्जियात मार्शरुत्का. म्हणजे आपलं वडाप, शेअरची गाडी! अगदी तेच. तिबिलिसीत दिदुबे स्टँडला जायचं, ड्रायव्हर गावाचं नाव ओरडत असतो, भरल्याशिवाय हलत नाही, मधेच एक बाई कोंबडीचं खोकं घेऊन चढते. कझबेगीचा दीडशे किलोमीटरचा घाट आम्ही असा केला आणि मला आंबा घाटातनं माहेरी जाताना उलट्या व्हायच्या ते आठवलं. वर गेल्यावर 2170 मीटरवर ते गेरगेटीचं चर्च, मागं बर्फाचा कझबेक, आणि सगळे फोटो काढत होते तेव्हा मी कठड्याला टेकून लिंबू चोखत होते.

सेफ आहे का?

रात्री दहाला समरकंदच्या रेगिस्तान चौकात बायका-पोरं आइस्क्रीम खात फिरत होती. मला एकदाही भीती वाटली नाही. टॅक्सीवाले स्टेशनबाहेर गंडवतात, ते कुठं नाही गंडवत. उझबेकिस्तानात हॉटेलवाले मुक्कामाची नोंद करतात, तिची चिठ्ठी जपून ठेवा. तिबिलिसीत कुत्री खूप, पण कानाला टॅग असतो म्हणजे लस दिलेली असते.

बघायला आहे तरी काय तिथं?

यादी पाहिजे तर मोबाईलवर मिळेल. माझ्यापुरतं सांगते. रेगिस्तानचे तीन मदरसे, पहिला उलुगबेगचा 1420 चा, बाकी दोन सतराव्या शतकातले, फोटोत बघून काही कळत नाही, समोर उभं राहिलं की मान दुखते एवढं वर बघावं लागतं.

ताश्कंदला शास्त्रीजींचा पुतळा आहे, त्यांच्या नावाच्या रस्त्यावर. 10 जानेवारी 1966 ला तिथं करार झाला आणि त्याच रात्री, अकरा तारखेला ते गेले. सासरे ती रेडिओवरची बातमी अजून सांगतात, तालमीत सगळे बसलेले, कुणी त्या दिवशी मातीत उतरलं नाही. आम्ही तिथनं त्यांना व्हिडिओ कॉल लावला. ते काही बोलले नाहीत, फक्त टोपी नीट केली.

आणि व्हिएतनाममधलं 'मी सन' नावाचं ठिकाण. होई आन गावाजवळ, डोंगरात, चाम राजांनी बांधलेली शंकराची विटांची देवळं, चौथ्या शतकापासून. संस्कृत शिलालेख आहेत. 1969 ला अमेरिकन बॉम्बनी बरंच पडलं, आणि नंतर दुरुस्तीचं मोठं काम आपल्याच पुरातत्त्व खात्यानं केलं, 2020 मध्ये काम चालू असताना एकसंध दगडाचं शिवलिंग निघालं. मी खिद्रापूरला किती वेळा गेलेय, पण कोपेश्वर आपल्या घरचा वाटतो म्हणून नीट बघितलाच नव्हता. 'मी सन'वरून आल्यावर पहिल्या रविवारी परत गेले आणि दोन तास बसले.

दोघंच दहा दिवस? भांडणं होत नाहीत?

होतात की. सगळ्यात मोठं बुखाराला झालं, ल्याबी हौजच्या काठावर, नकाशा उलटा धरण्यावरून. त्याच्याआधी आम्ही किती वर्षांत एवढं सलग भांडलो नव्हतो कारण घरी मध्येच कुणीतरी येतं, गिऱ्हाईक येतं, फोन येतो. तिथं कोणीच नाही. मी तलावाच्या या बाजूला, हे त्या बाजूला, मधे बदकं. अर्ध्या तासानं हे दोन चहा घेऊन आले आणि म्हणाले, "रंकाळ्यापेक्षा लहान हाय." झालं, मिटलं. तेव्हापासून नियम केलाय, सकाळी नकाशा माझा, दुपारनंतर ह्यांचा, आणि भूक लागली असताना कुठलाही निर्णय नाही.

मागं घर आणि सासू-सासरे कोण बघतं?

जाऊ आणि दीर. येताना त्यांच्यासाठी नीट काहीतरी आणा, मॅग्नेट देऊ नका. मी समरकंदची रेशमी ओढणी आणली, पुढच्या वेळी न विचारता हो म्हणाले.

पुढच्या वेळी आम्ही पण तुमच्याबरोबर आलो तर चालेल का?

नाही. राग मानू नका. एकदा दुसऱ्या जोडप्यांबरोबर गेलो होतो, इथंच, गोकर्णला, तीन दिवस, आणि त्यातलं एक जोडपं आता रस्त्यात दिसलं तर दुकान बदलतं. फाईल पाहिजे तर रविवारी घरी या, झेरॉक्स काढून घ्या, चॉकलेटी कव्हर तेवढं परत द्या.